आमचे स्वयंपाकघर कोणत्या पुस्तकात आहे?

तालुक्याच्या गावी भरलेल्या ग्रंथप्रदर्शनात शाळेच्या ग्रंथालयासाठी पुस्तके निवडून झाली आणि आम्ही पाककलेच्या टेबलाशी येऊन थांबलो. मामेबहिणीचे लग्न तोंडावर आले होते. भांडीकुंडी सगळेच देतात, आपण एक चांगले पाकपुस्तक द्यावे, असे मनात होते. टेबलावर पन्नासएक पुस्तके तरी असतील. उपवासाचे पदार्थ, मायक्रोवेव्हमधले पदार्थ, मधुमेहींसाठी पदार्थ, केक, चायनीज, दिवाळीचा फराळ. आम्ही विक्रेत्याला विचारले, "आमच्या घरांतले काही आहे का? म्हणजे कोकणातल्या मुसलमानांचे?" तो भला माणूस होता. त्याने शोधाशोध केली आणि मोठ्या उत्साहाने एक पुस्तक आमच्या हाती ठेवले. म्हणाला, "हे घ्या ना! मोगलाई!"

पुस्तक देखणे होते. मुखपृष्ठावर कमान, कमानीत चांदीचे ताट, ताटात मुर्ग मुसल्लम. आत शाही कुर्मा, नर्गिसी कोफ्ते, बदाम-काजूची वाटणे, केशर, केवडा. अख्ख्या पुस्तकात तांदळाची भाकरी नाही, नारळाचा रस नाही, मासळीचा एक काटाही नाही.

आमच्या सात पिढ्यांत कोणी मोगल नव्हता. भातशेती करणारे होते, खलाशी होते, एक पणजोबा मचव्यावर तांडेल होते. आमच्या चुलीवर नर्गिसी कोफ्ता कधी शिजला नाही. नारळाच्या रसातले सालन शिजले, सोडे घातलेला भात शिजला, पावसाळ्यात मासेमारी बंद असते तेव्हा जवला आणि सुके बोंबील शिजले, ईदेला सांदणे वाफवली गेली. आम्ही ते पुस्तक टेबलावर परत ठेवले. विक्रेत्यावर आमचा राग नाही. जे छापले जाते तेच तो विकतो. राग असेल तर तो दुसरीकडे आहे, आणि त्यातला बराचसा स्वतःवरच आहे. तो कसा, हे सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

दोन फळ्या, दोन्ही परक्या

वास्तविक आमच्यासारख्या घरांतून पाकपुस्तकांच्या दोन फळ्या असतात. एक मराठी, दुसरी उर्दू.

मराठीतली परंपरा थोर आहे, हे प्रथम कबूल केले पाहिजे. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे 'सूपशास्त्र' 1875 साली छापले गेले. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया' 1910 सालचे. लक्ष्मीबाई पाठारे प्रभू समाजातल्या. त्यांनी आपल्या समाजाची मासळी आणि मटण संकोच न करता पुस्तकात घेतले. कमलाबाई ओगले यांची 'रुचिरा' 1970 साली आली आणि घराघरांत पोचली. दुर्गाबाई भागवतांसारख्या विदुषीने 'खमंग' लिहिताना पाककलेला हलके मानले नाही. या सर्वांनी आपापल्या चुलीचे लिहिले. आमच्या चुलीचे लिहिले नाही म्हणून त्यांना दोष देणे हा कृतघ्नपणा होईल. दोष आहे तो पुढच्या प्रकाशकांचा आणि संकलकांचा. "महाराष्ट्राची खाद्यसंस्कृती" असे मोठे नाव द्यायचे, वऱ्हाडी, मालवणी, खानदेशी, सारस्वत, सीकेपी अशी प्रकरणे पाडायची, आणि मुसलमानांचे प्रकरण आले की थेट दिल्लीची गाडी पकडायची! आम्ही या मातीत भात पेरतो, इथल्या बाजारात आमसुले विकतो. पण जेवायला बसलो की आम्ही बाबराचे पाहुणे. महाराष्ट्राच्या पंगतीत आमचे पान मांडलेले नसते. असलेच तर ते मोगल बादशहाच्या नावाने मांडलेले असते.

आता दुसरी फळी. मुंबईत मोहम्मद अली रोडच्या आसपास उर्दू पुस्तकांची दुकाने आहेत. तिथून आमच्या अम्मीने, फुफीने, खालाने वर्षानुवर्षे दस्तरख्वानाची पुस्तके आणली. त्यांत लखनौ आहे, दिल्ली आहे, हैदराबाद आहे. भाषा नजाकतीची, कृती नवाबाच्या बावर्चीखान्यातली. हे पदार्थ उत्तमच आहेत. आम्हीही पाहुण्यांसाठी ते करतो. पण त्या पुस्तकांनी आमच्या घरांत एक न्यूनगंड आणून बसवला आहे. पाहुणे आले की बिर्याणी आणि कुर्मा. पाहुणे गेले की दार लावून घावणे आणि सुकटीचे सालन. लग्नाच्या दावतीत नारळाचे सालन वाढले तर "गावंढळ" म्हणून नाक मुरडणारे आमचेच नातलग आहेत.

म्हणजे मराठी पुस्तकात आम्ही मोगल आणि उर्दू पुस्तकात लखनवी. ज्या गावात आमच्या आजीची कबर आहे त्या गावचे आम्ही कोणत्याच पुस्तकात नाही.

हे एकट्या कोकणाचे दुखणे नाही. छत्रपती संभाजीनगर-खुलताबादकडचा नान-खलिया घ्या. त्याचा संबंध महंमद तुघलकाने 1327 च्या सुमारास राजधानी दौलताबादला हलवली त्या काळाशी लोक जोडतात. मराठवाड्यातला दालचा घ्या, अंबाडीच्या भाजीतले गोश्त घ्या. मोहरममध्ये पश्चिम महाराष्ट्रात आणि मराठवाड्यात होणारे चोंगे घ्या. जळगावकडच्या तडवी बांधवांच्या घरातली भाकरी आणि भरीत घ्या. या साऱ्यांवर 'मोगलाई' असे एकच लेबल चिकटवणे म्हणजे महाराष्ट्रातल्या सगळ्या नद्यांना एकच नाव देण्यासारखे आहे.

सातवीच्या वर्गातला तास

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. सातवीला गुणोत्तर आणि प्रमाण शिकवताना पुस्तकातली उदाहरणे मुलांच्या डोक्यावरून जाऊ लागली, तेव्हा आम्ही सांगितले, "घरी जा, चार माणसांच्या एका सालनाची कृती लिहून आणा. उद्या आपण ते चाळीस माणसांचे करू." दुसऱ्या दिवशी वह्या आल्या आणि गणित राहिले बाजूला, आमचाच वर्ग भरला.

निम्म्या वह्यांत प्रमाणच नव्हते. "मिरची अंदाजाने, मीठ अंदाजाने, पाणी अंदाजाने." अंदाज हा शब्द उर्दूतही आहे आणि मराठीतही, म्हणून दोन्हीकडची मुले सुटतात! दुसरी अडचण मोठी होती. एका मुलीने विचारले, "टीचर, 'वाटण'ला उर्दूत काय म्हणायचे?" आम्ही "पिसा हुआ मसाला" म्हणालो खरे, पण पाट्यावर ओले खोबरे, लसूण आणि भिजवलेल्या मिरच्या घालून वाटतात ते वाटण आणि डब्यातला कोरडा मसाला एक नव्हे, हे तिला माहीत होते आणि आम्हालाही. सोडे, जवला, आमसूल, घावणे, आधण, खोवणी, कशालाच नेमका शब्द मिळेना. आणि एका मुलाची वही तर आम्ही अजून जपून ठेवली आहे. त्याने मटणाच्या अळणी पाण्याची कृती लिहिली होती. उर्दूच्या लिपीत 'ळ' हे अक्षर नाही. पोराने उजवीकडून डावीकडे सुरेख उर्दू ओळ लिहीत आणली होती, मध्ये जागा सोडली होती आणि तिथे देवनागरीत लिहिले होते 'अळणी'. मग पुन्हा उर्दू.

त्या एका अक्षराने आम्हाला रात्रभर झोपू दिले नाही. आमच्या घरात काय काय आहे ते मोजून पाहा : तांदूळ, नारळ, गूळ, डाळ, अळू, कोळंबी, केळी, चुलीचा जाळ, भाताची उकळी, ओंजळ. कोणी म्हणेल, तुमच्या बोलीत कित्येक घरांत 'ळ'चा 'ल' होतो. होतो, उत्तर कोकणात हिंदूंच्याही कित्येक बोलींत होतो. पण बाजारातल्या पाटीवर, रेशनच्या कार्डावर, शेताच्या उताऱ्यावर तो 'ळ'च असतो आणि आमची पोरे तो तिथूनच वाचतात.

उर्दू ही आमची रोजी आहे आणि आमचे प्रेमही. तिच्याविरुद्ध हा लेख नाही. गझल, अफसाना, नात, तर्जुमा यांसाठी आमच्या मुलांना उर्दू हवीच. परंतु ज्या चुलीचे निम्मे सामान ज्या भाषेत आहे, त्या चुलीचे पुस्तक त्या भाषेतच लिहिले गेले पाहिजे. आमच्या हंडीची भाषा मराठी आहे. हे आम्ही कोणाला खूश करण्यासाठी म्हणत नाही. पोराने वहीत सोडलेली ती जागा आम्हाला तसे म्हणायला लावते.

मापट्याची गोष्ट

"पदार्थ हातात असतो, पुस्तकात नसतो," असे आमच्यातल्या वडीलधाऱ्या बायका म्हणतात. आमची नानीही म्हणायची. तरी आम्ही एका रमजानात तिच्या पाठीमागे लागून तिच्या सांदणांची कृती उतरवून घेतली. "दोन मापटी तांदूळ, एका नारळाचा घट्ट रस..." असे सगळे नीट लिहिले. 2021 च्या मे महिन्यात कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत नानी गेली. पुढच्या ईदेला आम्ही वही उघडली, सांदणे घातली. ती दगडासारखी झाली. दुसऱ्यांदा फुगून बसली. मापटे म्हणजे अर्धा शेर, हे आम्ही कोष्टकात शिकलेले. शेवटी खालाने उलगडा केला. नानीच्या मापट्याचा तळ फार वर्षांपूर्वी गळू लागला होता, तेव्हा आत नवा पत्रा बसवून घेतला होता. त्यामुळे त्यात तांदूळ कमी मावत. ते मापटे कुठे आहे? ते दोन वर्षांपूर्वीच भंगारवाल्याकडे गेले होते. आम्हीच दिले होते.

कृती आमच्याकडे आहे, पण तिचे माप आमच्याकडे नाही. मेट्रिक मापांचा कायदा देशात 1956 साली झाला, पण आमच्या आज्या-नान्यांच्या डब्यांत शेर, मापटे, चिपटे पुढे कितीतरी वर्षे टिकून राहिले आणि प्रत्येक गावचे माप थोडे निराळे. त्या आज्या आता एकेक करून जात आहेत. एक आजी जाते तेव्हा वीस-पंचवीस पदार्थ जातात. शिवाय ते कोणत्या मोसमात, कोणासाठी, कोणत्या दुखण्यावर करायचे तेही जाते. हे नुकसान भरून निघणारे नाही. बिर्याणीला मरण नाही, तिचे हजारो वाली आहेत. सांदणांना आमच्याशिवाय कोण आहे?

पुस्तक पारखावे कसे

तेव्हा घरात पाकपुस्तक आणताना चकचकीत कागद आणि चित्रे पाहून भुलू नये. आम्ही शिक्षक आहोत, पाठ्यपुस्तक तपासायची सवय आहे. त्याच सवयीने चार-दोन कसोट्या सांगतो.

पहिली कसोटी मापाची. 'रुचिरा' घराघरांत का गेली? कमलाबाईंनी वाटी-चमच्याच्या मापाने लिहिले, नवख्या मुलीलाही ते जमले. जे पुस्तक "कप" म्हणते आणि कप केवढा ते सांगत नाही, ते खाली ठेवावे. मापाचा कप 240 मिलिलिटरांचा असतो. आपला चहाचा कप बहुधा त्याच्या निम्म्याला येतो. पुस्तकात एकदा तरी ग्रॅम आणि मिलिलिटर असले पाहिजेत. मोठ्या दावतीची कृती असेल तर ती वेगळी लिहिलेली हवी. सातवीच्या वर्गात आमच्या मुलांनीच हे शोधले : चाराचे चाळीस करताना मटण दहापट, पण पाणी दहापट घातले तर रस्सा पातळ होतो, कारण मोठ्या डेगीत त्या मानाने वाफ कमी उडते. मीठ-मिरचीही हात राखून घालावी लागते. ज्याने खरोखर चाळीस माणसांचे रांधले आहे, त्यालाच हे लिहिता येते.

दुसरी कसोटी जाळाची आणि क्रमाची. "मसाला परतून पाणी घाला, शिजवा" असे लिहिणारा लेखक स्वतः चुलीपाशी बसलेला नाही असे समजावे. नारळाच्या रसाचे उदाहरण घ्या. आधी दुसरा, पातळ रस घालून मटण किंवा मासळी शिजवायची. पहिला घट्ट रस शेवटी घालायचा, आच मंद करायची आणि खळखळून उकळी येऊ द्यायची नाही. नाहीतर रस फाटतो. उत्तरेकडची पुस्तके हे सांगत नाहीत, कारण त्यांचे सालन दह्यावर आणि तळलेल्या कांद्यावर उभे असते. भाताचेही तसेच. पुस्तकात एकच बासमती आणि एकच पाण्याचे माप. आमच्याकडे उकडा तांदूळ आहे, पटणी आहे, जया आहे. नव्या तांदळाला पाणी कमी लागते, जुन्याला जास्त. नानी तांदळावर बोटाचे एक पेर पाणी ठेवायची आणि तांदूळ नवा असेल तर पेराच्या आतच हात आवरायची. पुस्तकाने तिच्याइतके तरी शहाणे असावे.

तिसरी कसोटी आपल्या हलाल-हरामच्या विवेकाची. केक-पुडिंगच्या पुस्तकांत जिलेटिन असते. ते जनावरांच्या हाडां-कातड्यांपासून करतात आणि कोणत्या जनावराच्या, हे पुडीवर क्वचितच असते. त्याच जागी आपल्या घरांत रमजानात वर्षानुवर्षे चालणारा चायना ग्रास समुद्रातल्या शेवाळापासून निघतो. चांगले पुस्तक हा पर्याय सांगते. परदेशी कृतींत वाइन आणि रम असतात. तिथेही पर्याय हवा. तो नसेल तर पुस्तक वाईट ठरत नाही, परंतु लिहिताना आपण वाचक म्हणून त्याच्या ध्यानातही नव्हतो, एवढे कळते.

चौथी कसोटी प्रामाणिकपणाची, आणि ही सर्वांत कठीण. आमच्या गरीब घरांत मटण रोज नव्हते. बड्याचे गोश्त होते. महाराष्ट्रात गायीच्या कत्तलीवर 1976 च्या कायद्याने बंदी होतीच. मार्च 2015 मध्ये राष्ट्रपतींच्या संमतीने ती बैल आणि वळू यांपर्यंत गेली, म्हैसवर्ग तिच्याबाहेर राहिला. कायदा पाळलाच पाहिजे. पण ज्या पुस्तकांत आमचा सारा गरीब मोहल्ला रोज मटण आणि काजू खाताना दिसतो, ती पुस्तके खोटी आहेत. आमच्या आयांनी सुक्या जवल्यात, कांद्यात, अळूच्या फदफद्यात आणि डाळीच्या पाण्यात घरे चालवली. ते पान पुस्तकात कुठे आहे?

हे पान लिहिता येते, हे शाहू पाटोळे यांनी दाखवून दिले आहे. त्यांचे 'अन्न हे अपूर्ण ब्रह्म' 2015 साली आले. मराठवाड्यातल्या महार आणि मांग समाजाच्या घरांत काय शिजत होते, ते त्यांनी लाज न बाळगता आणि टाळ्यांची अपेक्षा न करता लिहिले. 2024 साली त्याचा इंग्रजी अनुवादही झाला. ते पुस्तक घरात असावे, मुलांनी वाचावे. आमच्या अंगावर मात्र ते वाचताना काटा आला. ज्यांना शतकानुशतके पंगतीबाहेर ठेवले, त्यांनी आपले पान स्वतः मांडले. आम्ही अजून मोगल बादशहाच्या पानावर बसायला मिळते म्हणून खूश आहोत.

पुस्तक मुलीलाच का?

आणखी एक गोष्ट. पाकपुस्तक आम्ही कोणाला देतो? मुलीला. तेही लग्नात. मौलाना अशरफ अली थानवी यांचे 'बहिश्ती जेवर' शंभरावर वर्षे मुलींना जहेजात दिले जात आहे. त्यात दीनी मसाइलबरोबर घरसंसाराच्या गोष्टी आणि काही पदार्थांच्या कृतीही आहेत. डिप्टी नजीर अहमद यांची 'मिरातुल उरूस' 1869 सालची. त्यातली अकबरी फूहड आणि असगरी सुगरण, हे आम्ही आजही वर्गात शिकवतो. त्या ग्रंथांची थोरवी आम्ही मानतो. परंतु शिकवताना मुलींच्या बाकांकडे पाहिले की वाटते, मुलगे इतके निर्धास्त का बसले आहेत?

कारण त्यांना ठाऊक आहे की हा धडा आपल्यासाठी नाही. आणि तो खरे तर त्यांच्यासाठीच आहे! आमच्या मोहल्ल्यातले निम्मे पुरुष कुवेत, कतार, सौदीत जाऊन आले आहेत. तिथे एका खोलीत सहा-आठ जण राहतात आणि पाळीपाळीने रांधतात. आमच्या मामूंनी तिथे अम्मीला फोन करून करून कढी, सालन, मासळी सारे शिकून घेतले. त्यांची ती छोटी डायरी आम्ही पाहिली आहे, तेलाचे डाग पडलेली. पण सुट्टीवर घरी आले की मामू पाण्याचा पेलाही उचलून घेत नाहीत. परदेशात जे हात रांधतात, ते घराच्या उंबऱ्यात आल्यावर कसे काय लुळे पडतात? हजरत आयेशा (र.) यांनी सांगितले आहे की रसूलल्लाह (स.) घरात असत तेव्हा घरच्यांच्या कामात हातभार लावत. सुन्नत म्हणून मिस्वाक धरणाऱ्या हातांनी सुन्नत म्हणूनच झारा का धरू नये?

म्हणून पुस्तक निवडताना हेही पाहावे की त्याची प्रस्तावना कोणाशी बोलते. "पतीच्या हृदयाचा मार्ग पोटातून जातो" असल्या वाक्याने सुरू होणारे पुस्तक आमच्या घरात येणार नाही. "भगिनींनो" इतकेच म्हणणारे पुस्तकही अर्धेच. मुलाने, मुलीने, बापाने आणि आजोबांनी उघडावे असे पुस्तक हवे.

काही आक्षेप

पहिला आक्षेप असा येईल की अन्नातही हिंदू-मुसलमान करता काय? नाही. उलट लिहिले म्हणजेच कळते की कोणाचे किती एकमेकांत मिसळले आहे. मोहरमचे चोंगे हिंदू घरांतही होतात, पिराच्या कंदुरीला दोन्हीकडची माणसे पंगतीला बसतात. हे न लिहिण्यात ऐक्य नाही; न लिहिल्याने फक्त एका बाजूचे विसरले जाते. आणि शेजाऱ्यासाठी रश्श्यात पाणी वाढवावे, अशी आम्हाला शिकवणच आहे. शेजाऱ्याला रस्सा दिला, मग कृती का लपवावी?

दुसरा आक्षेप : आता मोबाईलवर सगळे मिळते, पुस्तक कशाला? मोबाईलवर हात दिसतात, ते उपयोगाचेही आहे. पण दहा मिनिटांत संपणाऱ्या चित्रात हा पदार्थ कोणाच्या आजीचा, कोणत्या गावचा, बाळंतिणीसाठी की दावतीसाठी, याला वेळ नसतो. आणि आमच्या विद्यार्थ्यांना वाचायला लावणारी दुसरी इतकी गोड वस्तू आम्हाला तरी सापडलेली नाही.

तिसरा आक्षेप : आमच्या बायका कमी शिकलेल्या, त्या काय पुस्तक लिहिणार? कमलाबाई ओगले यांचे शालेय शिक्षण चौथीपर्यंतचे होते. पुढचे बोलणेच खुंटले.

चौथा आक्षेप आमच्या साहित्यिक मित्रांचा. स्वयंपाक हा काही साहित्याचा विषय आहे का? दहाव्या शतकात बगदादच्या इब्न सय्यार अल-वर्राक याने अरबीत 'किताब अल-तबीख' रचली. 1226 साली अल-बगदादी याने त्याच नावाचा दुसरा ग्रंथ लिहिला. आमच्या खानदेशाच्या पलीकडे, माळव्यातल्या मांडूला, सुलतान गियासुद्दीन शाहच्या दरबारात 1500 च्या सुमारास 'निमतनामा' लिहिला गेला; चित्रांसकट तो आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. म्हणजे पदार्थ लिहिणे हे आपल्याकडे इल्म मानले गेले होते. फक्त ते सुलतानांचे लिहिले गेले. मांडूच्या विणकराने त्या रात्री काय खाल्ले, ते कोणी लिहिले नाही. 1990 साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. तेव्हापासून आपण कविता लिहिल्या, कथा लिहिल्या, आपल्या दुःखाबद्दल पुष्कळ लिहिले. सालन लिहिले नाही. या वार्षिकाच्या पानांनाही आमचा हा सवाल आहे.

मग करायचे काय

मित्रहो, प्रकाशक कधी जागा होईल याची वाट पाहण्यात अर्थ नाही. या ईदेला प्रत्येक घराने एक जाड वही आणावी. घरातल्या सर्वांत वृद्ध बाईजवळ, आणि खाडीवरून किंवा आखातातून आलेल्या वृद्ध पुरुषाजवळही, पोरांना बसवावे. त्यांनी मूठभर म्हटले की ती मूठ ताटलीत ओतून घेऊन काट्यावर तोलावी. पदार्थाखाली सांगणाऱ्याचे नाव, गाव आणि तो कधी करतात ते लिहावे. लिहावे मराठीत, शब्द मात्र आपल्या बोलीतले, जसे तोंडी येतात तसे. अशा वीस घरांच्या वह्या जमल्या की एका तालुक्याचे पुस्तक होते. ते पुस्तक लग्नात द्यावे, शाळेच्या ग्रंथालयात ठेवावे, ग्रंथप्रदर्शनाच्या त्या टेबलावर ठेवावे. मोगलाईच्या शेजारी ठेवले तरी चालेल; आमचे त्याच्याशी वैर नाही.

मामेबहिणीच्या लग्नात आम्ही शेवटी पाकपुस्तक दिलेच नाही. दोनशे पानी वही दिली आणि तिच्यासोबत एक छोटा तराजू. पहिली बारा पाने आम्ही भरली होती. सांदणांच्या पानावर मापट्याची जागा कोरी सोडली आहे, कारण तिथे खोटा आकडा लिहिण्याची हिंमत झाली नाही. वहीवर नवरा-नवरी दोघांची नावे घातली. दुल्हेमियांनी ती उघडून पाहिली आणि जरा गोंधळून विचारले, "यात मी काय लिहू?"

आम्ही म्हणालो, "आधी तुमच्या अम्मीकडून एक पदार्थ शिकून या. मग लिहा."